ओहोटीची वाळू, १८ बाय २४

१९ जानेवारी, रविवार

आज छोट्या गोधडीचं कापड एकदाचं कापलं. मांजरपाट, २० बाय २६ इंच. टाके पडून, धुऊन, आटून, कडा छाटून १८ बाय २४ हातात उरेल असा हिशोब. हे मांजरपाट गेल्या गणपतीपासून ब्लाउजपीसच्या ढिगाखाली पडून होतं. दोनदा धुऊन खळ काढून ठेवलेलं. खळ गेली की त्याचा रंग आमच्या वेळागर किनाऱ्याच्या सुक्या वाळूच्या जवळपास येतो, म्हणूनच जपलेलं.

करायचं आहे ते एवढंच: पाणी मागे गेल्यावर उरलेली वाळू. समुद्र नाही, होडी नाही, माड तर अजिबात नाही. ठिगळंही नाहीत. एका रंगाचं कापड आणि त्यावर फक्त टाके. माझ्या हाताला गोधडीचा एकच टाका येतो, धावदोरा, बोटभर अंतराने, सरळ. शिरोड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत माझ्या पन्नासेक वाकळी लोकांच्या अंगावर असतील, सगळ्यांचा टाका तोच. दुपट्याला तोच, नवरीच्या गोधडीला तोच. या वेळी दुसरं काहीतरी येतं का ते बघायचं. हे कुणी सांगितलेलं काम नाही, त्यामुळे पैसेही नाहीत आणि घाईही नाही.

थर तीन. वर मांजरपाट, मध्ये कापसाचं पातळ बॅटिंग म्हणजे तयार भराव, खाली सासूबाईंचं जुनं सुती पातळ. वाकळीत आपण जुनी लुगडीच भरतो, बॅटिंग मी पहिल्यांदाच वापरतेय. कुरिअरने आलं तेव्हा पिशवीतच दमट वास मारत होतं. दिवसभर अंगणात दांडीवर टाकलं.

२१ जानेवारी

नमुन्यांचे सहा इंची चौकोन केले, सात. तीनही थर लावून कच्चे दोरे घातले.

पहिला चौकोन: अर्ध्या इंचावर सरळ ओळी. हात आपोआप चालला, टाके इंचाला सात. दिसायला माझ्याच वाकळीचा तुकडा. बाजूला ठेवला.

दुसरा: सशिको या जपानी टाक्याच्या कामातलं लाटांचं नक्षीकाम, एकावर एक चढलेल्या कमानी, माशाच्या खवल्यांसारख्या. सशिकोत वरचा टाका लांब आणि खालचा आखूड असतो, साधारण तीनास दोन. वळणावर मागच्या बाजूला दोरा थोडा सैल सोडतात म्हणजे कापड ओढलं जात नाही. ही सैल सोडायची युक्ती मला आवडली, इतकी वर्षं मी वळणावर दोरा ताणूनच घेत होते आणि मग इस्त्रीने ओढ काढत बसत होते. नक्षी मात्र नको. नीटनेटकी, मोजून काढलेली, सुंदर आहे. आमच्याकडे पाणी असं वागत नाही.

तिसरा: नागमोडी ओळी, वाटीची कड फिरवून काढलेल्या. शाळेच्या वहीच्या मागच्या पानासारखं दिसलं.

खुणा करायचा घोळ वेगळाच. शिंप्याचा खडू मांजरपाटावर दिसतच नाही. निळा पेन पाण्याने जातो म्हणतात, पण कापसात उतरला तर धुतल्यावर परत वर येतो. इस्त्रीच्या उष्णतेने जाणारा पेन आहे, त्याची रेघ कडक थंडीत परत दिसू लागते. शिरोड्यात ती भीती नाही.

२४ जानेवारी

मशीनवर प्रयत्न. कापड सरकवणारे दात खाली घेतले, रफूची पट्टी लावली आणि कापड हाताने फिरवत वळवळती रेघ काढली, स्वतःला कुठेही न छेदणारी. पायमशीनवर हे करायचं म्हणजे पायाचा ताल एक आणि हाताचा दुसरा. दशावतारात मृदंग आणि झांज वेगवेगळ्या गावचे यावेत तसं. हात जलद, पाय हळू झाला की टाके लांबतात. उलट झालं की एकाच जागी दहा टाके आणि खाली दोऱ्याचं जाळं. बॉबीनचा ताण सोडला, वरचा कमी केला, सुई बदलून सोळा नंबरची घातली.

तासाभराने जमलं. आणि मग हात लावून बघितला तर पुठ्ठा. इतक्या जवळजवळ टीप पडली की कापसाला श्वास घ्यायला जागा नाही. वाळू दिसायला टणक असते पण पाय ठेवला की दबते. हे दबणार नाही. मशीन बंद.

रात्री दोन ब्लाउजांचे हुक लावायचे राहिले.

३० जानेवारी

काल अमावास्या होती. उधाणाचे दिवस, म्हणजे आमच्याकडे भरती साधारण दुपारी आणि ओहोट संध्याकाळी. पाच वाजता दुकान ओढून घेतलं, टेप आणि वही घेऊन वेळागरला गेले.

पाणी बरंच लांब गेलेलं. सूर्य समुद्रावर खाली आलेला आणि सगळी वाळू ओळींनी भरलेली. इतकी वर्षं इथे राहून या ओळींकडे मी उकिडवं बसून कधी पाहिलं नव्हतं. लांबून त्या समांतर वाटतात. जवळून एकही ओळ दुसरीशी समांतर नाही. एक वरंबा चालत येतो आणि मध्येच त्याला फाटा फुटतो, इंग्रजी वायसारखा. एक फाटा पुढच्या वरंब्याला जाऊन मिळतो, दुसरा हातभर जाऊन विरतो. जिथे शिंपला पडलाय तिथे ओळी त्याला वळसा घालतात, दगडाला नदी घालते तसा. दोन वरंब्यांच्या मधल्या खळीत बारीक काळी रेती साचलेली, आणि त्याच्यामुळे वरंबा अजून उजळ दिसतो.

टेप लावला. माथ्यापासून माथ्यापर्यंत अडीच ते तीन इंच. कापडावर तिसरा हिस्सा केला तर इंच, पाऊण इंच. म्हणजे २४ इंचात पंचवीस-तीस ओळी. हे जमण्यासारखं आहे.

वरच्या बाजूला, वाळू थोडी सुकलेली तिथे, बारक्या कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा पसारा. बीळ पेन्सिलीएवढं आणि त्याच्याभोवती वाळूच्या गोळ्या, मोहरीएवढ्या, चारही दिशांना किरणांसारख्या पसरलेल्या. कुर्ली वाळू तोंडात घेते, त्यातलं खाण्यासारखं असेल ते काढून घेते आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकते. मध्ये एक वाट मोकळी ठेवते, बिळाकडे पळायला. हालचाल जाणवली की त्याच वाटेने आत. मी दहा मिनिटं दगडासारखी बसले तेव्हा एक बाहेर आली, आणि तेवढ्यात रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे काका मागून ओरडले, "गो, काय हरवला काय?"

"नाय काका, मापां घेतंय."

"वाळूची?"

पुढे काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

२ फेब्रुवारी

वहीतल्या ओळी कागदावर मोठ्या करून काढल्या, त्या कापडावर घेतल्या. खुणेला शेवटी साबण. अंगाच्या साबणाची संपत आलेली चिपळी वाळवून तिची कड धारदार होते. मांजरपाटावर तिची रेघ तिरकं धरून बघितलं तरच दिसते, तेवढी पुरते. धुतली की गेली.

कच्चे दोरे चार बोटांवर, आडवे-उभे. मध्यापासून कडेकडे टाके घालायचे ठरवलंय, म्हणजे बॅटिंग फुगलं तरी बाहेर सरकत जाईल आणि मध्ये चुणी अडकणार नाही.

दोरा निळसर राखाडी, भरतकामाच्या लडीतल्या सहापैकी दोन पदर. पहिल्या चार ओळी. वरंब्याच्या माथ्यावर लांब टाका, खळीत आखूड, असं काहीतरी डोक्यात होतं. दोन ओळींनंतर विसरले.

५ फेब्रुवारी

अष्टमी. भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याचे दिवस, ओहोट दुपारी. बहिणीची मुलगी आलीय, तिला कुर्लीच्या गोळ्या दाखवते म्हणून बारा वाजता वेळागरला नेली. (सासूबाईंनी वेड्यात काढलं, त्यांचं बरोबर होतं. वाळू तव्यासारखी.)

ओळी नव्हत्या.

म्हणजे मला वाटलं नव्हत्या. पाणी फार मागे गेलेलं नाही, ओली पट्टी अरुंद, आणि ती पट्टी सपाट, इस्त्री केल्यासारखी. परत निघताना चपला हातात घेतल्या आणि पावलाखाली खडखड लागली. वरंबे तिथेच होते. पायाला कळत होते, डोळ्याला नाही. खाली वाकून, गाल वाळूला लागेपर्यंत वाकून बघितलं तेव्हा कुठे अंधूक दिसले. ऊन बरोबर डोक्यावर, तर सावली पडणार कुठे?

होडीच्या सावलीत रापणीचे काका जाळं विणत बसले होते. त्यांना म्हटलं, परवा एवढ्या ओळी होत्या, आज दिसत नाहीत.

"खय जातत त्यो? थयच आसत. पायाक इचार."

घरी येऊन २ तारखेचं काम खिडकीत नेलं. ट्यूबलाइटखाली निळ्या रेघा छान दिसत होत्या. चित्र दिसत होतं. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने आला तेव्हा टाक्यांमुळे कापड दबलेलं आणि मध्ये फुगलेलं दिसायला लागलं, आणि त्या फुगीर भागावर निळा दोरा उगाच कुणीतरी पेनाने गिरवल्यासारखा.

७ फेब्रुवारी

तीन चौकोन, तिन्हीवर एकच टाका, एकच ओळी, हात एकच. दोरे तीन: गडद निळा, राखाडी, आणि मांजरपाटाच्याच रंगाचा. तिन्ही चौकोन भिंतीवर टाचले आणि दिवसभर येता-जाता बघितले.

सकाळी आठ, पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन: तिसरा सगळ्यात जिवंत. निळा दोरा सावलीला मारतो, कारण नजर आधी रंगावर जाते आणि उठाव तिथेच मरतो.

दुपारी एक: निळा स्पष्ट, राखाडी ठीक, तिसरा कोरा.

रात्री ट्यूबलाइट: तसंच. तिसरा म्हणजे निव्वळ मांजरपाटाचा तुकडा.

तिसराच घेतला. दुपारी बारा वाजता कोरी दिसणारी गोधडी करायची हे दुकानदार म्हणून वेडेपणाचं आहे, पण ती वाळू तशीच आहे. टाक्याचं काम सावली पाडायचं, रेघ ओढायचं नाही, हे इतक्या वाकळी शिवून आज कळलं. वाकळ रंगीबेरंगी असते, त्यात टाक्याची सावली बघतो कोण.

मग २ तारखेच्या चार ओळी उसवल्या. मांजरपाटावर सुईची भोकं राहिली. ती पाणी लावून नखाने आडवं-उभं घासली की धागे परत जवळ येतात. नव्वद टक्के गेली.

८ ते १४ फेब्रुवारी

रोज रात्री दोन ओळी, कधी तीन. ब्लाउजांचा हंगाम नाही, वेळ मिळतो.

शिकले ते लिहून ठेवते. टाके ज्या बाजूला दाट, तो भाग खाली बसतो. विरळ ठेवला की तो फुगतो. म्हणजे वरंबा हवा असेल तर वरंब्याला हात लावायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळी शिवायच्या. खळीत एका रेघेऐवजी पाव इंचावर तीन रेघा घातल्या तर वरंबा आणखी वर येतो. तीनही रेघांचे टाके एकमेकांसमोर आले तर चौकटी दिसते, एकाआड एक टाकले तर रेतीसारखं बारीक खरखरीत. एकाआड एकच.

फाटा फुटतो तिथे दोरा तोडायचा नाही. दोन्ही फाट्यांच्या मधल्या जागेत सुई थरांच्या आतून नेऊन दुसरीकडे काढायची. पाठीवर काही दिसत नाही.

दहा नंबरची आखूड सुई, अंगुस्तान, आणि दोरा मेणातून ओढलेला. इंचाला आठ टाके. याहून बारीक घालायला गेले तर तीन थरांतून सुई तिरकी जाते आणि खालचा टाका चुकतो. सासूबाईंचं पातळ इतकं विरलंय की मागे दोन जागी सुईनेच चीर गेली. तिथे आतून छोटी चकती.

१५ फेब्रुवारी

खालच्या उजव्या कोपऱ्यात मिठागर. हे मूळ बेतात नव्हतं. शिरोड्याची मिठागरं रोज जाता-येता दिसतात, मातीच्या बांधांनी पाडलेले चौकोन, प्रत्येकात पाणी वेगळ्या सुकण्यावर. १९३० च्या मे महिन्यात इथेच मिठाचा सत्याग्रह झाला, ते गावातलं लहान मूलही सांगतं. माझ्यासाठी त्यातला मुद्दा एवढाच की नैसर्गिक ओळींशेजारी माणसाने पाडलेले चौकोन आले तर दोन्ही उठून दिसतील.

आडव्या-उभ्या ओळी अर्ध्या इंचावर. सशिकोवाल्यांचा नियम पाळला: दोन रेघा छेदतात तिथे टाका पडू द्यायचा नाही, मोकळी जागा सोडायची, नाहीतर गुंता होऊन गाठ दिसते. त्याने चौकोन स्वच्छ आले.

आणि कड बिघडली. कोपऱ्यात टाके दाट, त्यामुळे तो आटला, शेजारची कड विरळ, ती तशीच राहिली, आणि उजव्या बाजूला लहान मुलीच्या फ्रॉकसारखी झालर पडली. जमिनीवर ठेवलं तर कड उभी राहते.

सासूबाई पान लावत बसल्या होत्या. चष्मा लावून बघितलं.

"मदीसून कोण वाकळ शिवता? कडेसून घे नि आत ये."

वाकळीत तेच करतो, कडेने फेर घालत आत, म्हणजे कड आधी बांधली जाते आणि जे काही ओढाताण करायचं ते पोटात होतं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका त्यांच्या गोधड्या तशाच शिवतात, कडेने सुरुवात करून ठिगळं लावत लावत मध्यावर येतात, आणि चार कोपऱ्यांना तिकोनी घड्यांची फुलं. मध्यापासून बाहेर जायचं हे कापड लाकडी रिंगेत अडकवून शिवणाऱ्यांचं शास्त्र, रिंगेत कापड ताणलेलं असतं म्हणून चालतं. मी रिंग न लावता ते शास्त्र घेतलं. दोघींचंही अर्धं अर्धं.

भांडले नाही. मिठागराच्या आतल्या प्रत्येक दुसऱ्या रेघेचे टाके उसवले. अर्ध्या इंचाचा इंच झाला. झालर अर्धी झाली. उरलेली धुतल्यावर बघू.

१८ फेब्रुवारी

कुर्लीच्या गोळ्या.

आधी मणी लावून बघितले, पांढरे बारीक. चमकतात. वाळू चमकत नाही. काढले.

मग गाठीचा टाका, सुईला दोन वेढे. कापडावर मोहरीसारखी गाठ बसते, दिसायला अगदी गोळी. पण गाठ फक्त वरच्या कापडावर घातली तर ती नुसतं भरतकाम, पेटीकोटावर घालतो तसं. वाळूत रुतलेली वाटत नाही. सुई तीनही थरांतून खाली नेऊन परत वर आणली की गाठीखाली कापड दबतं आणि ती छोट्याशा खळग्यात बसते. तिरप्या उजेडात एका गाठीच्या दोन सावल्या पडतात, एक तिची आणि एक खळग्याची. हे बघून रात्री साडेअकराला एकटीच हसले.

एका बिळाला १४० गाठी. दीड तास. तीन बिळं करायची होती, दोनच केली. पळायची वाट दोन्हींना सोडली आहे. मोजून नाही, कुर्ली सोडते तशी, सरळ बिळावर येणारी.

गाठी घालताना दोरा पिळतो. चार-पाच गाठींनंतर सुई सोडून लोंबू द्यायची, ती स्वतःच गरगर फिरून पीळ काढते.

२० फेब्रुवारी

वायंगणीच्या बाजूला कासवाची घरटी असतात, तर कासविणीची रांग घाल, असं बहिणीने फोनवर सुचवलं. कासवीण एकाआड एक पाय टाकत जाते, त्यामुळे रांग स्वल्पविरामांच्या दोन ओळींसारखी उमटते, तिरप्या टाक्यांनी सुंदर येईल. मोह झाला. पण कासव आलं की सगळे कासवच बघणार. नाही.

२६ फेब्रुवारी

टाके संपले. महाशिवरात्र, घरात साबुदाणा, मी अंगणात टब घेऊन.

गार पाण्यात बुडवली, साबणाच्या खुणा विरघळल्या. पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. कापसाचं बॅटिंग पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं, त्याने टाक्यांच्या मधला भाग आणखी फुगतो. हे मला हवंच होतं. मग जुन्या गादीवर चादर घालून ओली गोधडी पसरली, कडा मोजून सरळ खेचल्या आणि दर इंचाला टाचणी. झालर ओढून बसवली. असंच सुकू द्यायचं.

टाचण्या दुकानाच्या डब्यातल्या.

२७ फेब्रुवारी

समुद्राजवळ राहणाऱ्या बाईने टाचण्या आधी तपासायला नकोत? खारं वारं, डब्याचं झाकण नीट लागत नाही. ओल्या मांजरपाटात रात्रभर गंजल्या टाचण्या. सकाळी काढल्या तर कडेने चारही बाजूंना लालसर ठिपक्यांची रांग. शिवाय वरच्या डाव्या भागात मी दोन टाचण्या मध्येच टोचल्या होत्या. कडेचे नंतर लावायच्या कडेच्या पट्टीखाली जातील. मधले दोन नाही.

अर्धा तास दारातच बसून राहिले. मग उठून परसातली आंबट बिंबलं काढली. लोखंडाच्या डागाला आमच्याकडे बिंबलच, पितळेलाही तेच. एक चिरून डागावर चोळलं, वर मीठ, आणि तेवढाच भाग उन्हात. सुकलं की परत. तिसऱ्या वेळी एक डाग गेला, दुसरा चहाच्या थेंबाएवढा फिका राहिला. त्या आंबटाने सूत कुजतं, म्हणून नंतर चार पाण्यांनी धुतली, आणि पुन्हा गादीवर. या वेळी टाचण्या नवीन पाकिटातल्या, स्टीलच्या, आणि फक्त कडेला.

फिका डाग एका वरंब्याच्या बरोबर माथ्यावर आहे. राहू दे. वाळूत असतात तसले.

२ मार्च

सुकली. मोजली: १७ पूर्णांक तीन चतुर्थांश बाय २३ आणि पाव. झालर गेली, उजवा खालचा कोपरा किंचित आत ओढलेला आहे, तो आहे तसा.

पट्टी त्याच मांजरपाटाची, तिरपी कापलेली, दीड इंच. गंजाचे ठिपके तिच्याखाली गडप. मागे वरच्या कडेला नाडीसारखी पोकळ पट्टी शिवली, त्यात बांबूची कांब.

कुठे लावायची यावर दिवस गेला. समोरच्या भिंतीवर, जिथे सगळ्यांची नजर जाते, तिथे दोन्ही खिडक्यांचा उजेड थेट पडतो. तिथे ती दिवसभर कोरी. शेवटी पश्चिमेच्या खिडकीला लागून असलेल्या आडव्या भिंतीवर, शिवणाच्या मशीनच्या वर. तिथे उजेड कडेने घासून जातो. चारच्या सुमारास पहिली ओळ दिसायला लागते, उजवीकडून, आणि पाचपर्यंत सगळी वाळू भरते. गाठी सगळ्यात शेवटी उठतात.

४ मार्च

शिमगा जवळ आला, सोळा ब्लाउज बाकी आहेत, दोन झगे.

दुपारी एक वाजता रापणीचे काका नातीचं परकर-पोलकं टाकायला आले. भिंतीकडे बघितलं.

"काय गो, कोरी वाकळ कित्याक टांगलंस?"

म्हटलं, काका, पाचला या, मग दिसेल.

"पाचाक माजी रापण आसा."

मग जवळ जाऊन तळहात ठेवला आणि आडवा फिरवत नेला, खालपासून वरपर्यंत, हळू. कुर्लीच्या बिळाशी थांबले, बोटाने चाचपलं, पळायची वाट सापडली तिथून बोट बिळात नेलं.

"आसा मा. लागता हाताक."

गेले. हाताला बांगडा माशाचं तेल होतं. मांजरपाटावर खालपासून वरपर्यंत तेलकट पट्टा उमटलाय, आणि बिंबलं तर परवाच संपली.